ज्याची त्याची पात

डी.एड.ला मला गटपद्धतीच्या पाठात पैकीच्या पैकी मार्क होते, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं सगळं वाचल्यावर त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. ते सर्टिफिकेट आजही माझ्या लोखंडी पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसोबत सुखरूप आहे. भरती निघेल, निघेल म्हणता म्हणता माझं लग्न निघालं. दोन लेकरं झाली. शेण, पाणी, कापूस, हरभरा यांत मी अशी मुरले की आपण मास्तरीण व्हायला निघालो होतो हे माझं मलाच आठवेनासं झालं.

आम्ही राहतो वालूरच्या अलीकडं, आखाड्यावर. आखाडा म्हणजे शेतातलं घर. गाव दोन किलोमीटर, आणि मधे कालवा. त्या कालव्यावर एक अरुंद पूल होता. दिवाळी झाली आणि उसानं भरलेला हंगामातला पहिलाच ट्रॅक्टर त्या पुलावरून गेला. ट्रॅक्टर पार झाला, पूल मात्र कालव्यात बसला. दोन दिवसांनी कालव्याला पाणी सुटलं. पाहायला आलेला सरकारी माणूस म्हणाला, पंधरा दिवसांत करून देतो. तो पंधरवडा उन्हाळ्यापर्यंत चालला.

मोठी माणसं शेजारच्या पाण्याच्या पाइपावरून कशीबशी जायची. लेकरांना ते शक्य नव्हतं, आणि फेऱ्यानं गेलं तर सात किलोमीटर. आमच्या मालकांनी आठ दिवस मोटारसायकलवर लेकरं शाळेत नेली-आणली. नवव्या दिवशी ते हेडसरांना भेटून आले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी म्हणाले, "सर म्हनले, तुमच्या घरात डी.एड. बाई हाय की. घरी शिकवा, परीक्षेला आना. मी मधून येऊन बगीन."

मला लय आनंद झाला. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या पेटीतल्या कागदाची आठवण काढली होती. मालकांना मात्र मी म्हणाले, "हो, तेवढंच राहिलं होतं माझ्या मानगुटीवर." बायकांनी पटकन हो म्हणू नये, असं आमच्याकडं आहे.

लेकरं चार. दोन माझी, दोन जावेची. धाकटा दीर आणि जाऊ दरसाल दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. नवराबायको दोघं मिळून एक कोयता, अशी त्यांची टोळीत मोजणी होते. मागची दोन सालं त्यांनी दोन्ही लेकरं सोबत नेली होती, त्यामुळं त्यांची शाळा दिवाळीपर्यंतच भरायची. यंदा मी आडवी पडले. म्हटलं, लेकरं हितं ठेवा. पाच महिन्यांची बारकी तेवढी अंगावरची म्हणून न्यावीच लागणार होती.

टोळीची गाडी फेऱ्याच्या रस्त्यानं येऊन बांधाला उभी होती. भांडी चढवता चढवता जाऊ थांबली आणि म्हणाली, "अक्का, ठिवते तुमच्या जिवावर. पर थोरली नऊची झाली. पाडव्याला मी यीन, तवर वाचाया लागली तर हितंच ऱ्हाऊ द्या तिला. न्हाई जमलं तर पुढच्या साली घेऊन जाते. बारकीला बगाया मला बी कुनीतरी पायजेच की."

यात तिचं काही चुकत नव्हतं. दोघं उसाच्या फडात उतरल्यावर बांधावर निजवलेल्या लेकराला कोण बघणार? पण थोरली दाराआड उभी राहून ऐकत होती, आणि तिनं दाराची कडी घट्ट धरली होती. ते बघून माझं डोकं सटकलं. मी म्हणाले, "पाडवा कशाला, संक्रांतीलाच वाचून दाखवंल."

ही माझी जुनी खोड आहे. रागात आणि फुशारकीत मी समोरच्यानं मागितली त्याच्या अलीकडची तारीख देऊन बसते.

तर आमची शाळा भरली. पत्र्याचं दार हाच फळा. पटावर थोरली नऊ वर्षांची, वयानं तिसरीची, पण अक्षरं अर्धी ओळखीची आणि अर्धी परकी. माझा लेक सात वर्षांचा, दुसरीत, आणि आपल्याला सगळं येतं या आजारानं ग्रासलेला. जावेचा लेक, बारका, पाच वर्षांचा. त्याला एकदा ऐकलं की पाठ व्हायचं, मग त्याचा अर्थ कळो न कळो. आणि माझी धाकटी लेक, शेंडेफळ, साडेतीन वर्षांची, जी खडू लिहायला नव्हे तर खायला वापरायची. साहेब म्हणून सासरे. ते बाजेवर पडल्या पडल्या तपासणी करायचे आणि दर अर्ध्या तासानं म्हणायचे, "आमच्या टायमाला पावकी-निमकी होती. आता काय, समदा पोरखेळ."

चार वयांच्या चार लेकरांना एका दारापुढं बसवून शिकवणं म्हणजे काय, हे डी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं. थोरलीला 'क' गिरवायला द्यावा तर माझा लेक कमळापासून काजव्यापर्यंत सगळे शब्द सांगून मोकळा. त्याला वजाबाकी द्यावी तर बारका विचारायचा, दहातले सहा कुठं गेले? ते सांगेपर्यंत शेंडेफळ पाण्याच्या हौदाकडं. तिला धरून आणेपर्यंत शेळी दोरी सोडवून दारापाशी, आणि दारावरचा धडा तिच्या अंगानं पुसलेला. एकदा परिसर अभ्यास घेतला. विचारलं, "शेळी आपल्याला काय देते?" चौघंही एकमुखानं म्हणाले, "लेंड्या." पुस्तकात दूध लिहिलं होतं. पण आमची शेळी त्या साली भाकड होती, तेव्हा बरोबर कुणाचं म्हणायचं?

पंधरा दिवसांत माझा घसा बसला. त्यात कापूस फुटून लोंबायला लागला. मी वेचायला जाऊ की शिकवायला बसू, अशी गत झाली. तेव्हा थोरलीनंच तोड काढली. ती कमी बोलायची, पण बोलली की कामाचं बोलायची.

"मोठ्याई, तुमी सकाळच्याला दारावर समदं काम लिहून जावा. दुपारी येऊन बगा. आमी उक्तं करतो."

उक्तं म्हणजे ठरवून घेतलेलं काम. रोजानं गेलं तर सूर्य मावळेपर्यंत राबायचं. उक्तं घेतलं तर काम संपलं की सुट्टी, मग ते बारालाच संपो. मला ही कल्पना एकदम शास्त्रशुद्ध वाटली. मनात म्हटलं, हीच तर स्वयंअध्ययन पद्धती. लगेच हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी दारावर लिहिलं: प्रत्येकानं एक धडा वाचणे, एक पान शुद्धलेखन, दहा गणितं, एक पाढा. कापसाचं ओझं घेऊन दुपारी परत आले तर चारही वह्या ओळीनं मांडलेल्या. शुद्धलेखन मोत्याच्या दाण्यासारखं. गणितं अचूक. पाढा विचारला तर चौघंही एका सुरात धडाधडा म्हणून मोकळे. धडा विचारला तर बारका पान न उलटता घडाघडा. मी ओट्यावर बसले ती उठेचना. असं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

असं रोज होऊ लागलं. मी पाणी भरायला आलेल्या बायकांना वह्या दाखवायची. मालकांना जेवायला बसवून वह्या दाखवायची. ते म्हणाले, "चौघांचं अक्षर सारखंच दिसायलंय की गं." मी म्हणाले, "एका घरची लेकरं, सारखंच असणार. माझ्यावर गेली आहेत." जावेची लेकरं माझ्यावर कशी जातील, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

सासरे एकदा म्हणाले, "पोरी, ती धाकली दिवसभर बांधावर उभी कामून असती?" मी म्हणाले, "निसर्ग निरीक्षण, मामा." मला सगळ्याला नाव द्यायचा सोस होता. आणि पाढे चालू असताना एकाचाच आवाज यायचा, बाकीच्यांचे ओठ नुसते हलायचे, हेही मी बघितलं होतं. भजनात एकालाच अभंग येतो आणि बाकीचे टाळ कुटतात तसं. पण आपलं कौतुक चाललं असलं की आपण त्या वेळी टाळच ऐकतो.

संक्रांत गेली. थोरलीला मी एकटीला बसवून वाचायला लावलं असतं तर तेव्हाच सगळं कळलं असतं. तिला एकदा म्हटलंही. ती म्हणाली, "वहीत लिहिलंय की, मोठ्याई," आणि खरंच लिहिलं होतं, सुंदर लिहिलं होतं. मी समाधान मानलं.

जानेवारी सरता सरता हेडसर आले. सर अंगानं भारदस्त. पाइपावरून चालत येणं त्यांना जमेना, म्हणून ते त्यावर घोड्यावर बसल्यासारखे बसून सरकत सरकत आले. बूट दोऱ्यांनी गळ्यात बांधलेले. चारही लेकरं काठावर उभी राहून बघत होती. माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यांत मोठा धडा तोच होता.

चहा झाला. पोहे झाले. मी वह्या पुढं केल्या. सरांनी चाळल्या आणि भुवया उंचावल्या. "बाई, फारच छान." मी पदर सावरला. सासरे बाजेवर उठून बसले. सर थोरलीला म्हणाले, "ये बाळ. पुढल्या साली तुझं नाव चौथीत घालायचं का तिसरीत, ते बघू. हे वाच."

थोरलीनं पुस्तक हातात घेतलं. त्याच्याकडं बघितलं. मग आदबीनं परत दिलं.

"वाचायचं माझ्याकडं न्हाई, सर. वाचायचं ह्याच्याकडं हाय." तिनं माझ्या लेकाकडं बोट केलं.

सरांना कळलं नाही. त्यांनी माझ्या लेकाला शुद्धलेखन घालायला सुरुवात केली. तो म्हणाला, "लिहायचं तायीकडं हाय. माझ्याकडं गणित आन् वाचायचं." बारक्याला गणित विचारलं. तो म्हणाला, "माझ्याकडं पाठ म्हनायचं." आणि कुणी काही विचारायच्या आत त्यानं दुसरीचा सबंध धडा म्हणून टाकला, स्वाध्यायातल्या प्रश्नांसकट.

"आणि तुझ्याकडं काय?" सरांनी शेंडेफळाला विचारलं.

"मी आई आली सांगते," ती म्हणाली.

बाजेवरून सासरे असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. सर आधी हसले नाहीत, मग त्यांनाही आवरेना. मी जमिनीत रुतत चालले होते. सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. थोरली चारही वह्यांत लिहीत होती. माझा लेक चौघांची गणितं कच्च्या कागदावर करून तिला देत होता. तो वाचायचा आणि बारका ऐकून पाठ करायचा. आणि माझी साडेतीन वर्षांची लेक बांधावर उभं राहून माझ्यावर पहारा करायची.

मी म्हणाले, "अगं, असं कुणी अभ्यास करतं का?"

थोरलीला माझं आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, "मग कसा करत्यात? तोडनारा येगळा, मोळ्या बांदनारा येगळा, भरनारा येगळा. समद्यानीच समदं केलं तर गाडी कवा भरायची?"

निघताना बूट गळ्यात अडकवत सर म्हणाले, "बाई, तुम्ही चार लेकरं शिकवली नाहीत. चौघांचं मिळून एकच लेकरू शिकवलंय. पण ते मात्र हुशार निघालंय हं." वार्षिक परीक्षेला सगळ्यांना आणायला सांगून ते सरकत सरकत पलीकडं गेले.

ते दिसेनासे झाले तसा मी पळीच घेतली हातात. मारली कुणालाच नाही, पण तोंड सुटलं ते सुटलंच. फसवलंत, नाक कापलंत, माझ्या सर्टिफिकेटची राख केलीत, असं काय काय बोलले. माझा लेक रडला. बारका रडला. शेंडेफळानं सगळे रडतात म्हणून सूर लावला. थोरली रडली नाही. ती उठून गोठ्याकडं गेली आणि चहाच्या वेळेलाही आली नाही.

मी शोधत गेले. ती गव्हाणीच्या आड बसून मातीत काडीनं 'क' काढत होती. सुरेख 'क'. त्याच्यापुढं 'म', त्याच्यापुढं 'ळ'.

"हे काय लिहिलंस?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "पुस्तकात असं असतंय."

तिला लिहिता येत नव्हतंच. ती चित्र काढत होती. दोन महिने, चार वह्यांत, रोज चार पानं चित्र. मला इतकं वाईट वाटलं की मी शेणातच खाली बसले.

"पोरी, मला सांगितलं का नाहीस?"

तिनं काडीनं तो 'क' खोडला. मग म्हणाली, "ह्यो सातचा हाय आन् वाचतो. मी नऊची. मला येत न्हाई हे कुनाला कळू ने म्हनून पाती वाटल्या. मला वाटलं, माय आली की आमी चौघं मिळून वाचू. तिला काय कळनार?" आणि मग तिचा आवाज फुटला. "आता सरांला बी कळलं. आता माय नेनार."

मी तिला जवळ घेतलं. मला तिचा राग नव्हता राहिला, माझाच आला होता. रोज कौतुक वेचत हिंडणारी मास्तरीण मी. मोती मोती म्हणत वह्या मिरवल्या, आणि एकदाही विचारलं नाही की पोरी, हे तू काय लिहिलंस.

पाती वाटल्या, हा तिचा शब्द माझ्या डोक्यात राहिला. खुरपणीला बायका रानात ओळीनं बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. आपली पात आपण खुरपत पुढं सरकायचं. दुसऱ्या दिवशी मी उन्हाळी कांद्यात खुरपायला बसले होते. नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या मागं. शिकलेल्या बाईचा हात खुरप्याला कधी बसत नाही, असं आमच्याकडं म्हणतात, आणि मी ते खरं करून दाखवलेलं आहे. पुढं गेलेल्या बायांनी आपापल्या पाती संपवल्या आणि न बोलता माझ्या पातीच्या पलीकडच्या टोकाला बसल्या. त्या तिकडून खुरपत आल्या, मी इकडून. मधे गाठ पडली आणि पात संपली. यात कुणी उपकार केले असं मानत नाही. पात मागं राहिली की समोरून यायचं, एवढंच.

माझी जाऊ नवी नवरी होऊन आली तेव्हा पहिल्या वर्षी माझ्या पातीला समोरून तीच यायची. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत आणि हात असा चालायचा की मला लाज वाटायची. एकदा तिला म्हटलं, अगं, थोरली जाऊ मी, तू माझी पात संपवतेस हे बरं दिसत नाही. तर म्हणाली, "अक्का, तुमी माझ्या लेकरांला शिकवा, म्हंजी फिटलं." तिला तेव्हा लेकरंही नव्हती.

मी खुरपं टाकून घरी आले आणि टोळी गोळा केली. म्हटलं, "तायीची वाचायची पात मागं राहिलीय. काय करायचं?"

माझा लेक क्षणभरही न थांबता म्हणाला, "समोरून यायचं."

आणि आम्ही खरंच तसं केलं. दुसरीचं पुस्तक घेतलं. पहिल्या पानापासून सकाळी मी थोरलीसोबत पुढं निघाले. दुपारी माझा लेक शेवटच्या धड्यापासून तिच्यासोबत मागं मागं येऊ लागला. कोणत्याही शिक्षणशास्त्रात हे बसत नाही. शेवटच्या धड्यात जोडाक्षरांचा नुसता चिखल होता. पण तो चिखल तिनं तुडवला, कारण सोबत सात वर्षांचा मास्तर होता आणि त्याला हरवायचं होतं. तो लय कडक मास्तर निघाला. चुकलं की म्हणायचा, "आमच्या टायमाला असं नव्हतं." हे कुठून आलं ते सांगायला नको. बारक्याला तोंड बंद ठेवायचं काम दिलं होतं. त्याला सगळंच पाठ असल्यानं ते सगळ्यांत अवघड काम होतं, आणि त्यासाठी त्याच्या तोंडात सतत गूळ-शेंगदाणे ठेवावे लागत. शेंडेफळ अजूनही बांधावर जायची, पण आता ती आजोबांवर नजर ठेवून असायची. ते गुपचूप येऊन थोरलीला पुढचा शब्द सांगतात, अशी तक्रार होती.

पाडव्याला दहा दिवस असताना पुस्तकाच्या मधली सात-आठ पानं राहिली होती. दोन्ही टोकं समोरासमोर आली होती. आणि त्याच दुपारी बांधाला टोळीची गाडी थांबली.

जाऊ उतरली ती काळीठिक्कर आणि वाळलेली. काखेत बारकी. ती आता बसायची, हसायची आणि अनोळखी माणसाच्या नाकाला धरायची. पाणी झालं, भाकरी झाली. मी म्हटलं, आज विश्रांती घे, उद्या बघू. पण ती तशीच सरळ बाई. म्हणाली, "न्हाई अक्का, आत्ताच बगू. माझ्या जिवाला घोर हाय."

थोरली पुस्तक घेऊन बसली. तिनं पहिला धडा वाचला. शेवटचा वाचला. जाऊ ऐकत होती, पण तिच्या तोंडावर काही दिसेना. ती म्हणाली, "अक्का, रागावू नगा. माझा ह्यो बारका बी असंच धडाधडा म्हनतो, त्याला कुटं येतंय वाचाया? पाठ असंल तिला." मग तिनं पुस्तक घेतलं, दोन्ही हातांनी मधोमध उघडलं आणि ऊस तोडून तोडून चिरलेलं बोट पानावर टेकवलं. "हितलं वाच."

नेमकी राहिलेली पानं. कारल्याच्या वेलाचा धडा. त्यावर ना मी गेले होते, ना माझा लेक. सासरे बाजेवर उठून बसले. बारक्यानं तोंड उघडलं. त्याला तो धडाही अर्थातच पाठ होता. मी त्याच्या तोंडाकडं झेपावले, पण त्याच्याआधी थोरलीच बोलली. मान वर न करता.

"गप. ही माझी पात हाय."

आणि तिनं वाचायला घेतलं. "अं... ग... अंगणात. अंगणात का... कार... ल्या... कारल्याचा वेल." अडखळत होती, बोट ठेवत होती, 'मांडव'पाशी अडली आणि तीनदा मागं येऊन पुढं गेली. एक वाक्य व्हायला भाकरी भाजून व्हावी एवढा वेळ लागत होता. "वेल मां... मांडवावर चढला. त्याला पि... पिवळी फुलं आली." मी तिच्या बोटाकडं बघत होते आणि मला दिसेनासं झालं होतं. माझं सर्टिफिकेट पेटीत होतं, पण मी मास्तरीण झाले ती त्या पिवळ्या फुलांपाशी.

पान संपलं. थोरलीनं पुस्तक मिटलं आणि आईकडं बघितलं. जावेला वाचता येत नाही, पण अडलेलं काम आणि पाठ केलेलं काम यातला फरक तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. ती म्हणाली, "आलं की गं तुला." एवढंच. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, पुसतच राहिली. थोडी सावरल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, "फिटलं, अक्का."

पुढच्या सालच्या फडाचं त्यानंतर कुणी नाव काढलं नाही. परीक्षेला आम्ही फेऱ्यानं बैलगाडीतून गेलो आणि सरांनी तिला चौथीत नाही, तिसरीत घातली. ती म्हणाली, चालंल, एक पात मागं हाय, गाठीन.

मला वाटलं, संपलं. आता शाळा सुटली, पूल होईल, मी आणि माझा कापूस. परीक्षा झाल्यावर चार दिवसांनी भाकरी थापता थापता जाऊ हळूच म्हणाली, "अक्का, म्हनत व्हते, पुढच्या दिवाळीला बारकी दीड वर्साची हुईल. अंगावरून सुटल. तिला बी तुमच्यापाशीच ठिवावं म्हनते. न्हाईतरी तुमच्याकडं चार हायेतच."

मी पीठ मळायची थांबले. माझं डोकं सटकायच्या बेतात होतं. चार कमी होती का, मी काय बालवाडी उघडलीय का, असं सगळं तोंडाशी आलं. आणि तोंडातून निघालं काय, तर, "दिवाळी कशाला, दसऱ्यापासूनच ठेव." खोड जात नाही ती नाहीच.

थोरली चुलीपाशी बसून ऐकत होती. या वेळी दाराआड नव्हती. ती लगेच म्हणाली, "बारकीला पहाऱ्यावर ठिवू. ही आता मोठी झाली, हिला वाचाया बसवू." शेंडेफळानं जोरात मान हलवली. तिला तिची बांधावरची जागा सोडायची नव्हती.

"पहारा कुणावर?" मी विचारलं. "आता तर सगळ्यांना सगळं येणार आहे ना?"

चौघांनीही एकमेकांकडं बघितलं आणि बारक्यानं मोठ्यानं पाढा सुरू केला, बाकीच्यांचे ओठ नुसते हलत होते.